बिनडोळ्याचं फूल

उलटे चाचा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी त्याच्या कपड्याची उलटी बाजू. समोरून कुणी आलं की सलाम-नमस्काराच्या आधी त्यांचा हात पुढं व्हायचा आणि दोन बोटांत सदऱ्याची नाहीतर कोटाची कड धरून ती परतवायचा. शिवण, गाठी, सुटलेले धागे हे सगळं बघून झालं की मग ते मान वर करायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हा म्हातारा खिसा तर कापत नाही ना? गुलमंडीतल्या कापडवाल्यांना तर ते दुकानाकडं वळताना दिसले तरी घाम फुटायचा. शेटजी ठाण उलगडून कौतुक सांगत असले, की हे मधेच गिऱ्हाइकाला म्हणायचे, "सामनेसे सब गोरे दिखते. पाठ बघा, पाठ." 'उलटे चाचा' हे नाव त्यांना त्या दुकानदारांनीच चिडून दिलं. चाचांना ते फार आवडलं, त्यामुळं दुकानदार आणखी चिडले.

चाचा हिमरू विणायचे. आता हिमरू म्हणजे वेरूळला आलेल्या पाहुण्यांना विकायची शाल एवढंच लोकांना ठाऊक असतं, म्हणून सांगते. सुती ताण्यावर रेशमाची फुलं उठवलेलं ते कापड. निजामाच्या राज्यात बड्या लोकांच्या शेरवान्या त्याच्याच असत. पोलीस अ‍ॅक्शन झाली, बडे लोक काही गेले, काही गप्प बसले, शेरवान्या ट्रंकेत पडल्या आणि चाचांच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले. आमचं घर त्यांच्या घराला लागून, मधे कमरेएवढी भिंत. माझे वडील कोर्टात उर्दू कामकाज करणारे कारकून. राज्य बदललं तशी त्यांची उर्दूही शेरवान्यांसारखीच निकामी झाली. संध्याकाळी हे दोघं आमच्या ओसरीवर बसून चहा प्यायचे आणि फारसं काही बोलायचे नाहीत.

आईनं चाचांसाठी वेगळी कपबशी ठेवली होती. त्या काळात आमच्यासारख्या घरांतून ती असायचीच, आणि ज्याच्यासाठी असायची त्याला ती ठाऊकही असायची. चहा संपला की चाचा सवयीनं कप उलटा करून बुडावरचा शिक्का बघायचे आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "भाभी, आमचा कप तुमच्यापेक्षा भारी आहे, बरं का." आई आतून हसायची. पण कप काही बदलला नाही. मला आजही त्या हसण्याचा राग येतो.

चाचांची बायको लवकर वारली होती. घरात ते आणि त्यांची एकुलती मुलगी नसीम, माझ्याच वयाची. आम्ही दोघी भिंतीवर पाय सोडून बसायचो आणि चिंचा खायचो. पण मी शाळेत जाऊन जे शिकत होते त्याच्यापेक्षा नसीमला कितीतरी जास्त येत होतं, ते म्हणजे नक्षा बांधणं. हिमरूतलं फूल कागदावर नसतं. ते आधी दोऱ्यांत बांधावं लागतं. उभे दोरे, आडवे दोरे, कुठं उचलायचं आणि कुठं सोडायचं हे सगळं त्या गुंत्यात असतं. तो नक्षा मागाला टांगला, की त्याच्या हुकमानं फूल उमटतं. चाचांच्या घरात हे काम बायकांचं होतं, आईकडून लेकीकडं आलेलं. नसीमनं अंगणातल्या डाळिंबाच्या फुलाचा नक्षा बांधला तेव्हा ती जेमतेम सोळा-सतरा वर्षांची असेल. लाल पाकळ्या आणि मधोमध एक पिवळा ठिपका. त्या ठिपक्याला ती 'आँख' म्हणायची. चाचांनी पहिला हातभर तुकडा विणला, उलटा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "तेरी माँ से अच्छा." मग त्यांनी उगाच खोकल्याचं सोंग केलं आणि परसात निघून गेले.

त्या घराची एक रीत होती, ती मला नसीमनंच सांगितली. चाचा थंडीत एक जुनी, अंजिरी रंगाची शाल पांघरायचे. तिच्यावर ओळीनं फुलं होती, पण त्यातल्या तीन फुलांना मधला ठिपका नव्हता. मला वाटलं, विणताना चुकलं असेल. मी तसं म्हणालेसुद्धा. नसीम चिंच चोखायची थांबली. म्हणाली, "चुकलं नाय गं. घरात मय्यत झाली ना, की मागावर जे कापड असंल त्यात एक फूल बिनडोळ्याचं. माणूस गेलं, डोळा मिटला." मी विचारलं, "मग तीन?" ती म्हणाली, "वो साल के. दोन चाचे आणि दादी." वो साल म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनचं. ती माणसं कशी गेली ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या गल्लीत त्या सालाबद्दल कुणीच कुणाला विचारत नसे. ती शाल एका बड्या घराण्यासाठी मागावर चढली होती, पण कापड पुरं झालं तेव्हा न्यायला कुणी उरलंच नव्हतं. मग चाचांनीच ती अंगावर घेतली.

पुढं आमच्या गावात सरकारी सभागृह बांधायचं ठरलं. त्याच्या आतल्या सजावटीसाठी मुंबईचे एक आर्किटेक्ट नेमले होते. माणूस बरा होता. परदेशी पडदे आणि गुळगुळीत भिंती नकोत, इथल्या कारागिरांची नक्षी आत यायला हवी, असा त्याचा आग्रह. फिरत फिरत तो चाचांच्या दारात आला, त्यानं नसीमचं डाळिंबाचं फूल बघितलं आणि तिथंच मांडी घालून बसला. मंचामागचा पडदा याच फुलाचा, खुर्च्यांची गादी याच फुलाची, सगळं याचंच, असं त्याचं सुरू झालं. चाचांनी आधी त्याच्या कोटाची कड उलटी करून बघितली. मग म्हणाले, "पडदा देतो. खुर्ची नाय. पायाखाली नाय, बुडाखाली नाय. आमच्या कापडावर कोणी बसत नाय, साहेब."

"का हो?" त्यानं हसत विचारलं.

"त्यात कोण झोपलंय ते तुमाला ठाऊक नसतं."

साहेबाला काही कळलं नाही, पण त्यानं हात पुढं करून शब्द दिला. त्याच्या हयातीत तो त्यानं पाळलाही. तो वाईट नव्हता हे मी म्हणते आहे, कारण पुढं ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्यांच्यात त्याला कुणी धरू नये.

पडद्याचं काम सुरू झालं तेव्हा नसीम इतकी खूश होती, की भिंतीवर बसायलाही तिला वेळ नसे. आपलं फूल एवढ्या मोठ्या घरात लागणार, भाषणं करणारे आपल्या फुलासमोर उभे राहणार, याचं तिला हसू यायचं. "मंत्री बोलंल आणि लोग मेरा फूल देखेंगे," म्हणायची. अरुंद पट्टे विणून ते एकमेकांना जोडायचे होते. निम्मे पट्टे झाले आणि नसीमला ताप भरला. विषमज्वर. आज त्याला कुणी भीत नाही, पण तेव्हा घाबरायचे, आणि उगाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत ती ओळख विसरली होती. मी गेले तेव्हा ती चादरीवर बोटं फिरवत होती, उचलत होती, सोडत होती. नक्षा बांधत होती ती. दोन दिवसांनी गेली.

माग थांबला. दुपारभर भिंतीपलीकडून येणारा खटखट आवाज आमच्या घराला इतका अंगवळणी पडला होता, की तो बंद झाल्यावर आईला झोप लागेना. सगळ्यांना वाटलं, पडदा आता अपुरा राहणार. साहेब भेटायला आला, थोडा वेळ बसला आणि गेला. तिच्या जाण्याचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खटखट पुन्हा सुरू झाली. मी भिंतीवरून वाकून बघितलं. चाचा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्यांच्या पुढ्यात नवा पट्टा होता, त्याची पहिली ओळ झाली होती आणि त्या ओळीतल्या एका फुलाला डोळा नव्हता. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "झालं, बेटी. आता बाकी सगळे पुरे." आणि खरंच, पुढचं एकही फूल त्यांनी अपुरं ठेवलं नाही.

पडदा लावायच्या दिवशी त्यांनी एवढीच एक मागणी केली. तो पट्टा डाव्या कडेला आणि ते फूल खाली, हात पोचेल असं. शिडी लागता कामा नये. साहेबानं कारण विचारलं नाही, तसं करून दिलं. एवढ्या मोठ्या पडद्यात ते एक फूल कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नसे.

त्याच सभागृहाच्या कचेरीत पुढं मला नोकरी लागली. चाचा दर शुक्रवारी नमाज झाला की यायचे. आमचा शिपाई "तपासनीस आले" म्हणून दार उघडायचा. चाचा मंचावर चढायचे, डाव्या कडेला जायचे, वाकून ते फूल चिमटीत धरायचे आणि सवयीप्रमाणं उलटं करून त्याची पाठ बघायचे. मग सरळ करून हातानं दाबून बसवायचे, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करतात तसं. कधी माझ्या टेबलाशी चहा घ्यायचे. कप उलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "सरकारी कप. सबका एक." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटायचं आणि आईची आठवण होऊन लाजही वाटायची.

अशी बरीच वर्षं गेली. लग्न होऊन मी त्या गल्लीतून गेले. आर्किटेक्ट साहेब वारला. चाचा म्हातारे झाले, नजर मंदावली, माग बंद पडला. पडद्याला धूळ बसली, वरच्या बाजूनं तो विरला, आणि सभागृहाच्या नव्या समितीला तो जुनाट वाटू लागला. नूतनीकरण करायचं ठरलं आणि तोवर सभागृह बंद ठेवलं, त्यामुळं चाचांचं शुक्रवारचं येणंही थांबलं. आमचे त्या वेळचे साहेब बोलायला मोठे गोड. म्हणाले, "पण परंपरा जपायची बरं का. नक्षी तीच ठेवायची. फक्त आता जमिनीवर घेऊ, म्हणजे सगळ्यांना दिसेल." गालिचा गिरणीतून करून घ्यायचा होता. मी त्या दिवसांत बाळंतपणाच्या रजेवर होते. ठेकेदाराचा माणूस नमुना न्यायला आला. शिडी मागवायचा त्याला कंटाळा आला असणार. हाताला येईल तो कोपरा त्यानं कात्रीनं कापला आणि खिशात घालून नेला.

रजेवरून परतले तेव्हा पडद्याचा डावा कोपरा नव्हता. मी धावत साहेबांकडं गेले. सगळं सांगितलं, घराची रीत, नसीम, शब्द दिला होता तो. ते ऐकून घेत होते आणि पेपरवेट फिरवत होते. मग हसून म्हणाले, "बाई, फुलाला कुठं डोळा असतो का? आणि आता गिरणीत माल निघालासुद्धा." मी म्हणाले, निदान जमिनीवर नका घालू. तर म्हणाले, "म्हाताऱ्याचा सत्कारच करणार आहोत आपण. अजून काय हवं?" त्या गोड आवाजाची मला आजही शिसारी येते.

सत्काराच्या संध्याकाळी चाचांना आणायला गाडी पाठवली. ते धुतलेला पांढरा कुडता घालून, अंजिरी शाल घेऊन आले. मी दाराशीच उभी होते. गाडीत बसून आधी त्यांच्या घरी जाऊन सांगायचं माझ्या दोनदा मनात आलं होतं, पण सांगायचं काय? मला बघून त्यांनी माझ्या पदराची कड परतवली, म्हणाले, "अच्छा है, बेटी." मग दारातून आत बघितलं.

दिवे सगळे लावलेले होते, जुना पडदा उतरवलेला होता. दारापासून मंचापर्यंत, मंचाच्या पायऱ्यांवर आणि वरही, सगळीकडं लाल डाळिंबाची फुलं. कापून नेलेल्या नमुन्यात जे फूल होतं तेच गिरणीनं पुन्हा पुन्हा छापलं होतं. एकाही फुलाला डोळा नव्हता. त्यांवरून बूट, चपला, सँडल चालले होते. चाचांची नजर गेली होती असं सगळे म्हणत, पण जे बघायचं ते त्यांनी बघितलं. हळूच खाली बसले. गालिच्याची कड उचलून उलटी केली. मागं काळं रबर होतं, गाठ नाही, धागा नाही. "इसको पाठच नै," ते म्हणाले. मग कड सोडली आणि समोर सभागृहभर पसरलेल्या त्या फुलांकडं बघत मला विचारलं, "ये इत्ते लोगां किसके गए, बेटी?"

 मी नुसती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

त्यांनी जोडे काढून दाराशी ठेवले. गालिचा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फरशी उघडी राहिली होती. तिच्यावरून, भिंतीला पाठ घासत, एकापुढं एक पाऊल टाकत ते निघाले. माणसं बघत होती. कुणीतरी म्हणालं, "साधा माणूस आहे हो, गालिचा खराब होईल म्हणून भितोय." कौतुकानं म्हणालं. मंचाच्या पायऱ्यांशी येऊन चाचा थांबले, कारण पायऱ्यांवर कडेपासून कडेपर्यंत फुलंच होती. लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं. ते हलेनात. पुन्हा पुकारलं. मी पुढं जायला निघाले, तोवर समितीच्या दोघा उत्साही मंडळींना वाटलं, म्हाताऱ्याला पायऱ्या चढवत नाहीत. त्यांनी दोन्ही दंड धरून त्यांना उचललं आणि वर नेऊन गालिच्याच्या मधोमध उभं केलं.

टाळ्या वाजल्या. अंजिरी शाल त्यांच्या खांद्यावरून काढून बाजूला ठेवली गेली आणि तिच्या जागी सत्काराची शाल आली. चाचांनी तिची कड दोन बोटांत धरली, परतवली, बघितली. सभागृह खळखळून हसलं. गोड साहेब माइकवर म्हणाले, "बघा, कलाकार तो कलाकारच!" चाचा खाली बघत होते. आधी एक पाय उचलत, तो ठेवायला जागा मिळत नाही म्हणून तिथंच ठेवत, मग दुसरा उचलत. लोकांना वाटलं, म्हातारपणाचा कंप आहे.

त्यानंतर ते सभागृहात आले नाहीत. मी शुक्रवारी त्यांच्याकडं जायची, ते ओळखायचे, मलाच चहा करायला सांगायचे, पण माझ्या पदराला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मला त्याचंच फार वाईट वाटायचं. कोपरा कसा कापला गेला ते माझ्याकडून ऐकून एकदा म्हणाले, "मैं उसको हाथ पोचे ऐसी जगह रख्या. मेरीच गलती." मी म्हणाले, "चाचा, कात्री तुमची होती का?" त्यांनी नुसतं नाही अशी मान हलवली. तरी ते त्यांच्या मनातून गेलं नाही, हे मला दिसत होतं. त्या हिवाळ्यात ते गेले. मागाची लाकडं त्यांचा एक भाचा घेऊन गेला. नसीमचा नक्षा उंदरांनी आधीच खाल्ला होता. घरात मय्यत झाली होती आणि त्या घरात, त्या गल्लीत, फूल विणायला एकही माग उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी घरून सुई आणि पिवळा रेशमी दोरा घेऊन गेले. सभागृहात कुणी नव्हतं. दाराजवळ, भिंतीलगत, चाचांनी कड उचलली होती तिथलं फूल शोधलं. सगळी फुलं मेलेली, त्यात एका माणसाची खूण करायची तर काय करणार? मी त्या एका फुलाला डोळा घातला. विणकर नव्हे मी, शाळेत शिकलेला साधा टाका. वाकडाच आला. पण आल्यागेल्याच्या पायाखाली तो येणार नाही, इतका कडेला होता.

आठवड्याभरात झाडलोट करणाऱ्या सखूबाईनं मला आपणहून बोलावून दाखवलं. "बाई, हितं पिवळा कचरा चार दिस झालं चिकटून बसला होता. झाडूनं निघंच ना. बसून चिमटीनं उपटला बघा." त्या फुलाची जागा तिनं ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत केली होती. मी म्हणाले, "बरं केलंस." आणि भिंतीच्या कडेच्या फरशीवरून माझ्या टेबलाशी गेले.